दाराकडचा आणि नाल्याकडचा: अभ्यासिकेच्या दोन विंडो एसींची नोंदवही

६ एप्रिल २०२५, रविवार

रामनवमी. दुपारी पाळणा झाला, सुंठवडा घेतला आणि तशीच अभ्यासिकेत गेले.

ऐरोलीतली आमची सोसायटी जुनी, सिडकोच्या काळातली. तळमजल्यावर १८ बाय १४ फुटांचा हॉल आहे, तीच अभ्यासिका. खुर्च्या २२. सेक्टर १५ मध्ये बाबासाहेबांच्या स्मारकात मोठं ग्रंथालय आहे, पण रात्री जेवून आल्यावर घरापासून हाकेच्या अंतरावर बसायला जागा लागते, ती ही. ४ मेला मेडिकलची ‘नीट’ परीक्षा आहे, २५ मेला यूपीएससीची पूर्व परीक्षा. मुलं आत्ताच ओल्या नॅपकिनने मान पुसत वाचतायत.

भिंतीत दीड टनाचे दोन विंडो एसी आहेत, दोन्ही आर-२२ गॅसवाले. एक दाराकडचा, एक मागच्या नाल्याकडचा. या वहीत त्यांना ‘दार’ आणि ‘नाला’ म्हणणार आहे.

गेल्या आठवड्यात एक मेकॅनिक येऊन गेला. पुढची जाळी न काढता त्याने झडपांपुढे तळहात धरला आणि सांगितलं, दोन्हीत गॅस कमी आहे, एकेकाचे २,८०० होतील. सेक्रेटरी काकांनी मला विचारलं, कारण मी आयटीआयचा रेफ्रिजरेशनचा ट्रेड केलाय आणि आता एका कारखान्यात चिलर सांभाळते.

“काका, आत्ता पैसे देऊ नका,” मी म्हटलं. “एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांत तोच तो गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि ती जागा न शोधता भरला तर पुन्हा गळणार.”

काका म्हणाले, “मग तूच बघ गं. पण परीक्षेच्या आधी.”

काम हातात घेतलंय. भाचा आयटीआयच्या पहिल्या वर्षाला आहे, त्याला जोडीला घेतलं.

आजची मापं. दोन्ही मशीन २० मिनिटं चालू ठेवून घेतली. पहिला आकडा जाळीत शिरणाऱ्या हवेचा, दुसरा झडपांतून येणाऱ्या हवेचा.

दार: ३२ अंश, २६ अंश. फरक ६. करंट ९.१ अँपिअर. नेमप्लेटवर ७.९ आहे.
नाला: ३२ अंश, २९ अंश. फरक ३. करंट ५.२ अँपिअर. नेमप्लेटवर ७.८.

भाचा म्हणाला, “मावशी, दोन्ही थंड करत नाहीत, म्हणजे रोग एकच.” मी त्याला क्लॅम्प मीटरचे, म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजायच्या मीटरचे, आकडे पुन्हा वाचायला लावले. एक मशीन नेमप्लेटपेक्षा जास्त करंट ओढतंय, दुसरं कितीतरी कमी. एक कॉम्प्रेसर ओझ्याने धापा टाकतोय, दुसऱ्याला पुरेसं काम नाही. बाहेरून तक्रार सारखीच दिसते, आत दोन वेगळी दुखणी आहेत. मेकॅनिकने हे एक माप घेतलं असतं तर ‘दार’मध्ये गॅस भरायचं त्याच्या तोंडून निघालं नसतं.

आणखी एक सापडलं. ‘दार’च्या पुढच्या बाजूला बाहेरची हवा आत घेण्याची छोटी दांडी असते, ती उघडी होती. कधीपासून, देव जाणे. बाहेरची गरम, दमट हवा दिवसभर खोलीत येत होती. बंद केली.

७ एप्रिल, रात्री

अभ्यासिकेतल्या दोघी मुलींनी विचारलं, एसी थंडी कुठून आणतो? चांगला प्रश्न. भाच्यालाही तोंडी परीक्षेला लागेल, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माठातलं पाणी गार का होतं? माठाच्या अंगावरचं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. एसीत हेच काम गॅस करतो, फक्त बंद नळीत आणि फार कमी तापमानाला. आर-२२ मोकळ्या हवेत उणे ४१ अंशांनाच उकळतो. कूलिंग कॉइलमध्ये त्याच्यावर इतकाच दाब ठेवतात की तो साधारण ५ अंशांना उकळावा. खोलीची ३० अंशांची हवा त्या कॉइलवरून गेली की गॅस तिची उष्णता शोषून उकळतो, हवा गार होते. हवेतला दमटपणा कॉइलवर पाणी होऊन उतरतो, गार ताकाच्या ग्लासला बाहेरून घाम फुटतो तसा.

आता ही शोषलेली उष्णता बाहेर टाकायची. बाहेर ३५ अंश असताना ५ अंशांच्या गॅसमधली उष्णता बाहेर कशी जाणार? म्हणून कॉम्प्रेसर त्या गॅसला दाबतो. दाबला की तो तापतो, बाहेरच्या हवेपेक्षा खूप गरम होतो. मग मागच्या कंडेन्सर कॉइलमध्ये तो बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पातळ होतो. पुढे कॅपिलरी, म्हणजे जेमतेम सुई जाईल इतक्या बारीक भोकाची तांब्याची लांब नळी. तिच्यातून पलीकडे निघताना दाब एकदम पडतो आणि गॅस पुन्हा उकळायला लागतो. झालं चक्र पूर्ण.

विंडो एसीत हा सगळा संसार एकाच पेटीत असतो. मध्ये पत्र्याचा पडदा, अलीकडे खोली, पलीकडे रस्ता. पंख्याची मोटर एकच, तिला दोन्ही बाजूंना दांडा. पुढच्या दांड्यावर खोलीत गार हवा फेकणारा ब्लोअर, मागच्या दांड्यावर कंडेन्सरचा पंखा. त्या मागच्या पंख्याच्या कडेला एक कडी असते, ती मला या यंत्रात सगळ्यात जास्त आवडते. कूलिंग कॉइलचं पाणी मागच्या ट्रेमध्ये येतं, कडी त्यात बुडते आणि ते पाणी उचलून तापलेल्या कंडेन्सरवर उडवते. जे पाणी फेकून द्यायचं, त्यानेच गरम कॉइल गार होते. विंडो एसीतून येणारा छपछप आवाज तो हाच. कितीतरी लोक त्याला बिघाड समजतात आणि ट्रेला खिळ्याने भोक पाडून पाणी सोडून देतात. आवाज थांबतो, मशीनची ताकद कमी होते आणि भोकाभोवती पत्रा गंजतो.

आणि टन म्हणजे मशीनचं वजन नव्हे (भाच्याला तसंच वाटत होतं). एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता बाहेर काढण्याचा वेग म्हणजे एक टन, सुमारे साडेतीन किलोवॅट. बर्फाच्या लाद्यांवर गारवा मोजायच्या काळातलं हे माप आजही चालू आहे.

१३ एप्रिल, रविवार

‘दार’ उघडला.

आधी प्लग काढला. मग कॅपॅसिटरच्या (मोटरला फिरायला जोर देणारा, वीज साठवणारा डबा) टोकांना रेझिस्टर लावून त्यातला साठा उतरवला. प्लग काढल्यावरही कॅपॅसिटर झटका देतो, हे भाच्याला करून दाखवलं आणि वहीत लिहायलाही लावलं. पुढचं तोंड काढून चार जणांनी आतलं चासी बाहेर ओढलं. पन्नासेक किलो वजन आहे, दोघांनी हा हट्ट करू नये.

मागच्या कोपऱ्यात कबुतराचं जुनं घरटं. काटक्या, पिसं, झाडूच्या काड्या, विजेच्या वायरचे तुकडे आणि दोन बोटं जाड विष्ठा. सुकी विष्ठा झाडली की तिची धूळ फुप्फुसात जाते, ती बाधते. म्हणून मास्क लावले, आधी पाणी शिंपडलं, ओली झाल्यावर खरवडली. विष्ठा पडली होती तिथे अॅल्युमिनियमच्या पट्ट्या पांढऱ्या भुकटीसारख्या झडत होत्या.

जाळी तर जाळी राहिलीच नव्हती, राखाडी गोधडी झाली होती. पण खरी गोष्ट कंडेन्सरची. बाहेरून, म्हणजे रस्त्याच्या बाजूने पाहिलं तर तो अगदी स्वच्छ दिसत होता. भाचा म्हणाला, “हा तर साफ आहे.” मी त्याला पंख्याच्या बाजूने टॉर्च मारायला सांगितलं. आतल्या तोंडावर धूळ, पिसं आणि ओलावा यांचं नमदं बसलेलं. विंडो एसीचा मागचा पंखा बाजूच्या झडपांतून हवा ओढतो आणि कंडेन्सरमधून बाहेर ढकलतो. मळ त्यामुळे आतल्या बाजूला अडकतो, बाहेरून बघणाऱ्याला कधी दिसत नाही. धुतानाही हे ध्यानात ठेवावं लागतं. पाणी बाहेरून आत मारायचं, हवेच्या उलट दिशेने, म्हणजे मळ आला त्या वाटेने निघतो. नाहीतर तो पट्ट्यांमध्ये आणखी घट्ट रुतून बसतो.

मोटर, स्विच, वायरिंग प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलं. बागेच्या पाइपचं साधं पाणी आणि पातळ साबण. जोराच्या फवाऱ्याने पट्ट्या आडव्या होतात, म्हणून तो वापरला नाही. वाकलेल्या पट्ट्या जुन्या टूथब्रशने आणि फिन-कोंबने सरळ केल्या, त्यात माझा दीड तास गेला. पाणी आधी चहासारखं, मग ताकासारखं, मग नितळ. वॉचमन मामा शेजारी उभे राहून पाहत होते. म्हणाले, “ताई, एवढा कचरा घेऊन हा चालत होता?” होता बिचारा.

थर्मोस्टॅटची बारीक नळीसुद्धा क्लिपमधून सुटून कूलिंग कॉइलला टेकलेली. तिने खोलीतून परत येणारी हवा चाखायची असते. थंडगार कॉइलला टेकली की तिला वाटतं, खोली गार झाली, आणि कॉम्प्रेसर वेळेआधी बंद होतो. जागेवर बसवली.

चार तास उन्हात वाळवून संध्याकाळी लावला. फरक ८ अंश, करंट ८.४. सुधारलं, पण मनासारखं नाही. एवढा धुतल्यावर करंट आठाच्या खाली यायलाच हवा होता. काहीतरी राहिलंय.

१४ एप्रिल, सोमवार

बाबासाहेबांची जयंती. अभ्यासिकेत दरवर्षी या दिवशी १८ तास अभ्यास असतो. सकाळी सहाला मुलं बसली, हॉल भरलेला, शिवाय जिन्यात सतरंजीवर सात-आठ जण.

अडीच वाजता भाच्याचा फोन. “मावशी, दार नुसता घुमतोय, मग टक् आवाज येतो आणि गप्प बसतो.” त्याला म्हटलं, लगेच बंद कर आणि पंख्यावर ठेव. ती टक् म्हणजे ओव्हरलोड. कॉम्प्रेसरला फिरायला जोर मिळत नाही, तो जागीच करंट खातो, तापतो, आणि ओव्हरलोड त्याला वाचवायला वीज तोडतो. पुन्हा पुन्हा चालू करत राहिलं तर एक दिवस वाइंडिंग, म्हणजे मोटरमधलं तारांचं वेटोळं, जळतं.

संशय कॅपॅसिटरवरच होता. प्लगपाशी व्होल्टेज २०८ भरलं. कॅपॅसिटरवर लिहिलेलं ३६ मायक्रोफॅरड कॉम्प्रेसरला आणि ४ पंख्याला. मीटरवर आलं २३ आणि ४. माथा फुगीर झालेला. गारव्यात आणि चांगल्या व्होल्टेजला असा कमजोर कॅपॅसिटर कसाबसा ओढून नेतो, भर दुपारी मान टाकतो. जयंतीमुळे दुकान बंद असेल ही धास्ती होती, पण ठाणे-बेलापूर रस्त्याला एक उघडं मिळालं. ३४० रुपये. साडेचारला मशीन चालू.

लोक कॉम्प्रेसर गेला असं ऐकून अख्खं मशीन भंगारात देतात, त्यातल्या किती मशीनचा फक्त कॅपॅसिटर गेलेला असेल, याचा विचार करून मला वाईट वाटतं.

मुलांना एक नियम सांगितला, तो भिंतीवरही लावलाय: बंद केल्यावर ३ मिनिटं चालू करायचा नाही. कॅपिलरीच्या बारीक भोकातून दोन्ही बाजूंचे दाब सारखे व्हायला तेवढा वेळ लागतो. त्याआधी चालू केला तर कॉम्प्रेसरला चढलेल्या दाबाविरुद्ध उठावं लागतं.

रात्री १२ ला अभ्यास संपला. मीही शेवटचे दोन तास मुलांच्यात बसून वाचलं.

२० एप्रिल, रविवार

८.४ अँपिअरचं कोडं आज सुटलं, आणि ते मशीनमध्ये नव्हतंच. भिंतीत होतं.

भिंत ९ इंची. बसवणाऱ्याने पेटी भिंतीच्या बाहेरच्या तोंडाशी जवळजवळ समतल बसवलेली, बाहेरून छान दिसावी म्हणून. पण पेटीच्या दोन्ही बाजूंच्या झडपांतूनच मागचा पंखा हवा घेतो. त्या झडपा विटांच्या आत गाडल्या गेल्या होत्या. बाजूने ताजी हवा मिळेना, मग कंडेन्सरने बाहेर टाकलेली गरम हवाच फटीतून परत आत ओढली जायची. माणसाच्या नाकावर उशी ठेवून त्याला धावायला लावल्यासारखं.

लोखंडी अँगल वाढवून घेतला, पेटी ५ इंच बाहेर काढली, दोन्ही बाजूंच्या झडपा मोकळ्या झाल्या. ग्रिलवाल्याने वर पत्र्याचं छप्पर टाकून दिलं. वर चालतं, मागे आणि बाजूला काहीही नको, हे त्याला तीनदा सांगावं लागलं. मागच्या ग्रिलला कबुतरांसाठी मोठ्या डोळ्यांची जाळी लावली, पेटीपासून हातभर लांब.

मग उतार. गवंड्याची पाणसळ ठेवून पाहिली तर पेटी खोलीकडे झुकलेली. पावसाळ्यात आत पाणी गळायचं अशी मुलांची तक्रार होती, त्याचं मूळ हेच. बाहेरच्या बाजूला ८ मिलिमीटर उतार दिला. फार जास्त दिला तर पाणी एका कडेला जमतं आणि पंख्याची कडी कोरडीच फिरते.

फरक ११ अंश. करंट ७.७. गॅसला कोणी बोटही लावलेलं नाही.

सेक्रेटरी काकांना आकडे दाखवले. ते बराच वेळ वहीकडे पाहत राहिले आणि मग कपाटातून बिलांची फाईल काढून आणली. २०२२, २०२३, २०२४. तिन्ही उन्हाळ्यांत ‘नाला’मध्ये गॅस भरल्याची पावती. तीन वर्षं, तीन वेळा.

२७ एप्रिल, रविवार

‘नाला’.

करंट अजून खाली, ४.९. पुढची जाळी काढून अर्धा तास चालवला आणि कॉइलकडे बघत बसलो. कॅपिलरी जिथे कॉइलमध्ये शिरते, तिथल्या खालच्या तीन ओळींवर पांढरा बर्फ धरला. वरची सगळी कॉइल कोरडी. हात लावला तर जवळजवळ खोलीइतकीच गरम.

बर्फ दोन प्रकारचा असतो, हे भाच्याला दाखवायची वेळ पुन्हा इतकी छान आली नसती. जाळी चोंदली किंवा ब्लोअर मंद झाला, की हवा कमी पडते आणि बर्फ सगळ्या कॉइलवर पसरतो, फ्रिजरसारखा. तिथे जाळी धुतली की प्रश्न मिटतो. गॅस कमी असेल तर दाब इतका पडतो की सुरुवातीच्या ओळींतच गॅस शून्याच्या खाली उकळतो, तिथेच संपतो, आणि पुढे न्यायला काही उरत नाही. म्हणून बर्फ एका कोपऱ्यात, बाकी कॉइल उपाशी. त्यात करंट कमी. ‘नाला’त गॅस खरंच कमी आहे. मेकॅनिक अर्धा बरोबर होता.

भाचा स्क्रू-ड्रायव्हरने बर्फ टोकरायला निघाला होता. हात धरला. तांब्याची भिंत अर्धा मिलिमीटरसुद्धा नसते. नुसत्या पंख्यावर ठेवून बर्फ वितळू दिला.

तो म्हणाला, “गेज लावून दाब बघूया ना.” विंडो एसीला दाब मोजायला नळ नसतो. कारखान्यातून नळी चिमटून, ब्रेझिंग करून (ज्योतीने धातू वितळवून जोड देऊन) बंद येते. दाब बघायचा तर नळीला छेद देऊन पिन, म्हणजे गॅस भरायचं-मोजायचं तोंड, बसवायची, म्हणजे गळायला आणखी एक जागा. म्हणून आधी डोळे, हात, थर्मामीटर आणि क्लॅम्प मीटर. ते सगळे एकच सांगायला लागले की मगच छेद. या मशीनला मात्र जुन्या भरणीची पिन होतीच. तिच्यावर साबणाचा फेस लावला. पिन ठीक निघाली.

मग कूलिंग कॉइलच्या कडेचे यू-बेंड, म्हणजे नळ्यांची वळणं. चॉकलेटी तांबं दिसायला हवं होतं, ते काजळासारखं काळं. दोन ठिकाणी बोट फिरवलं तर तेलकट लागलं. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, गॅस निसटतो तिथे ते पाझरतं आणि त्यावर धूळ चिकटते. साबण लावला, टॉर्च धरला, श्वास रोखून बघत राहिलो. मिनिटभराने मोहरीएवढा एक बुडबुडा आला. फुटला. पुन्हा आला.

तांबं काळं का पडलं, याचं उत्तर खिडकीबाहेर आहे. मागे नाला, पुढे खाडी आणि कांदळवनाचा चिखल. ओहोटीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड. आमच्या आईचे चांदीचे पैंजण पुण्यातल्या मावशीकडे वर्षभर पांढरे राहतात, इथे कपाटात दोन महिन्यांत काळे पडतात. चांदीला जो गॅस काळं करतो, तोच तांब्याला करतो. पैंजण रांगोळीने घासता येतात. कॉइलची तांब्याची भिंत आधीच पातळ, तिला हळूहळू टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. खाडीकाठी राहणाऱ्या प्रत्येकाने, एसी गार करत नाही म्हटल्यावर, आधी यू-बेंडचा रंग बघावा.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिन, सुट्टी. ‘नाला’ टेम्पोत घालून रबाळ्याच्या एका वर्कशॉपमध्ये नेला. तिथले मिस्त्री वयस्कर आहेत, कमी बोलतात.

उरलेला गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला, हवेत सोडला नाही. आर-२२ ओझोनच्या थराला खातो, त्यासाठीच १९८७ च्या माँट्रियल करारापासून असे गॅस बंद करत आणलेत. मग वाटलं, तीन उन्हाळ्यांत भरलेला सगळा गॅस आपण आकाशातच तर सोडला. पावत्या आपल्याच फाईलला होत्या आणि आपण कोणी विचारलं नाही.

कॉइलमध्ये नायट्रोजनचा दाब चढवून ती पाण्याच्या टाकीत बुडवली. एक बुडबुडा शोधत होतो, धारा निघाल्या पाच. दोन यू-बेंडला, तीन पट्ट्यांच्या मधल्या नळ्यांना, जिथे ब्रेझिंगची ज्योत पोचतच नाही. मिस्त्री म्हणाले, “ही नका शिवू. आज पाच बुजवल्या तर दिवाळीला सात होतील.”

नवी कॉइल ४,६००, बाकी काम धरून ७,०००. काकांना फोन केला. तीन वर्षांच्या पावत्यांची बेरीज त्यांच्या डोक्यात होतीच. “कर,” एवढंच म्हणाले.

भाच्याने मिस्त्रींना विचारलं, “काका, यात नवा आर-३२ टाकला तर?” त्यांनी मान हलवली. कारण मी सांगितलं: आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त, जुन्या कॉम्प्रेसरचं तेल त्याला चालत नाही, आणि तो पेट घेऊ शकतो. ज्या मशीनला जो गॅस नेमप्लेटवर आहे, तोच. स्वस्तात दुसरा टाकतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

४ मे, रविवार

नीट. अभ्यासिका रिकामी. काम काही नाही. ‘दार’ची जाळी धुतली.

११ मे, रविवार

नवी कॉइल बसली. मिस्त्रींनी ब्रेझिंग करताना नळीतून संथ नायट्रोजन चालू ठेवला होता. तो नसेल तर ज्योतीने नळीच्या आतून काळे पापुद्रे सुटतात आणि पुढे कॅपिलरीत अडकतात. प्रणाली उघडली म्हणून ड्रायरही (नळीतला ओलावा शोषणारी डबी) नवा. यू-बेंडवर त्यांनी वॉर्निशसारखा थर मारून दिला. तो किती वर्षं टिकतो, ते या वहीत पुढे दिसेल.

मग व्हॅक्यूम. घाईच्या कामात हाच टप्पा गाळतात. नळीत राहिलेली हवा आणि ओलावा ओढून काढला नाही तर ओलावा कॅपिलरीच्या तोंडाशी बर्फ होऊन अडतो, आणि तेलाशी मिळून आम्ल बनवतो, ते वाइंडिंगला खातं. पंप ५०० मायक्रॉनपर्यंत (व्हॅक्यूम मोजायचं माप) नेला, बंद करून अर्धा तास काटा बघत बसलो. हलला नाही. त्या अर्ध्या तासात मिस्त्रींनी चहा मागवला, तेही काट्यावरची नजर न काढता.

गॅस वजनावर भरला. नेमप्लेटवर ७८० ग्रॅम, काट्यावर ७८० ग्रॅम. कॅपिलरीच्या मशीनमध्ये जादा गॅस साठवायला टाकी नसते, ५० ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी फरक पडतो. हाताला गार लागेपर्यंत भरणं म्हणजे मिठासारखं चवीपुरतं इंजेक्शन देणं. सक्शन, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब, ६८ पीएसआय, करंट ७.६. शेवटी जुनी पिन कापून नळी चिमटली आणि ब्रेझिंगने बंद केली.

बसवताना यालाही उतार दिला, बाजूच्या झडपा मोकळ्या ठेवल्या. फरक ११ अंश. रात्री ओहोटीचा वास आला तेव्हा मी सवयीने खिडकी लावून घेतली.

१८ मे, रविवार

१४ एप्रिलचे ते २०८ व्होल्ट डोक्यातून जात नव्हते. आज दोन्ही मशीन चालू ठेवून मोजलं. मीटरपाशी २२६, एसीच्या प्लगपाशी २०७. वीज बाहेरून नीट येते, आपल्याच भिंतीत १९ व्होल्ट हरवतात.

दोन्ही एसी एकाच अडीच स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटर जाडीच्या) जुन्या वायरवर. ‘नाला’चा प्लग काढला तर एक पाय निळसर, सॉकेटचं प्लॅस्टिक तपकिरी आणि भुसभुशीत, जळक्या बेकेलाइटचा वास. पुढच्या आठवड्यात ते पेटलं असतं. २२ मुलं, कागदांचे ढीग आणि एक दार. हे लिहिताना आत्ताही हात गार पडतोय.

लायसनवाल्या वायरमनकडून प्रत्येक मशीनला स्वतंत्र चार स्क्वेअरची लाईन, स्वतंत्र एमसीबी, नवं सॉकेट, अर्थिंग तपासून. आता प्लगपाशी २२२.

हे काम मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. या वहीवरून कोणी काम करणार असेल तर क्रम असा ठेवावा: आधी वीज, मग हवा, मग पाणी, आणि गॅस सगळ्यात शेवटी.

२४ मे, शनिवार, रात्री

उद्या पूर्व परीक्षा. रात्री आठला हॉल भरलेला. बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो, म्हणजे २२ मुलं मिळून जवळजवळ सव्वादोन किलोवॅट, त्यात भिंती दिवसभर तापलेल्या. दोन मशीनची ताकद साडेदहा किलोवॅट. दहानंतर एकच पुरला.

आत २५ अंश. मुलांनी स्वतःहून नॉब मागे घेतला, वर छताचे पंखे मंद. कोणी बोलत नव्हतं. एक मुलगी नोट्सचे कागद चाळत होती आणि ते कोरडे वाजत होते. मार्चमध्ये दमटपणाने हेच कागद एकमेकांना चिकटायचे. विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी पहिलं यंत्र आखलं, तेही कागदापायीच. दमटपणाने कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत. माणसांना गार करणं नंतर आलं.

२६ मे, सोमवार

मान्सून मुंबईत आला. नोंदी ठेवायला लागल्यापासून सगळ्यात लवकर, असं हवामान खात्याने सांगितलं. सकाळपासून धो धो.

संध्याकाळी भाच्याचा निरोप: ‘दार’मधून आत पाणी टपकतंय. पाणसळ ठेवली, उतार जागेवर. मागच्या ट्रेचं पाणी बाहेर जायचं तोंड बघितलं, तर त्यात कबुतराच्या पिसांचा बोळा. धुताना मी ट्रे पुसला, तोंडात तार घातली नाही. माझी चूक. पावसाळ्यात हवेत पाणी जास्त, कॉइलवर उतरतं तेही जास्त, कडी तेवढं उडवू शकत नाही, मग ट्रे भरून पुढच्या बाजूने सांडतो. तार घालून बोळा काढला. पाणी गुळगुळ करत एकदम गेलं आणि बंद पडलेला छपछप आवाज पुन्हा सुरू झाला.

८ जून, रविवार

आज मी फक्त खुर्चीवर बसले. दोन मुली आणि भाचा यांनी प्लग काढले, जाळ्या काढल्या, धुतल्या, सावलीत वाळवल्या, ट्रेच्या तोंडात तार घातली, यू-बेंडवर टॉर्च मारला. दर दुसऱ्या रविवारी हे त्यांचं काम. खालची नोंद भाच्याच्या अक्षरात आहे.

दार: फरक ११, करंट ७.६, प्लगपाशी २२३ व्होल्ट. ट्रे मोकळा.
नाला: फरक १०, करंट ७.६, २२२ व्होल्ट. यू-बेंडचा रंग तांबूस, तेल नाही.
पुढची धुणी २२ जून.